मला खालचीच खुर्ची हवी आहे : सोलापूरच्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातील टॉवेल, चादर आणि गणवेश धंद्यातले सर्व मालक, भागीदार आणि त्यांच्याकडे नोकरभरती पाहणारे अधिकारी

विषय : मुलं झाल्यावर जुन्या हुद्द्यापेक्षा खालच्या पदासाठी अर्ज करणाऱ्या बायकांना परत पाठवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी मुलाखतीला गेले होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि त्यांनी जे केलं ते तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं आहे.

जाहिरात होती एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन असिस्टंटची. वेळ दहा ते साडेपाच. याच हुद्द्यावर मी २००६ साली, एम.कॉम. होऊन, साडेचार हजारांवर पहिली नोकरी धरली होती. २०१९ मध्ये नोकरी सोडली तेव्हा मी एक्स्पोर्ट मॅनेजर होते. हाताखाली पाच माणसं होती, आणि महिनाअखेरीला कंटेनर निघेपर्यंत मी घरी जात नसे.

मुलाखतीआधी त्यांनी एक छोटी परीक्षा घेतली. जुन्या एलसीची, म्हणजे परदेशी ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्राची, झेरॉक्स समोर ठेवली आणि त्यावरून कमर्शियल इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट करायला सांगितली. एलसीमध्ये मालाचं वर्णन होतं त्यात ‘टेरी’च्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ गाळलेला होता. मीही इन्व्हॉइसवर एक ‘आर’ गाळूनच लिहिलं. तपासणाऱ्या पोरानं त्याला लाल पेनने गोल केला आणि म्हणाला, “मॅडम, स्पेलिंग मिस्टेक.”

मी म्हटलं, “मिस्टेक आहे, पण ती बँकेची आहे. म्हणून तर ठेवायची. इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायला लागतं. आपण शहाणपणा करून सुधारलं की समोरच्या बँकेला डिस्क्रिपन्सी काढून पैसे अडवायला आयतं कारण मिळतं. सुधारायचंच असेल तर आधी बायरकडून एलसीला अमेंडमेंट मागवा.” काही बँका असल्या बारीक चुकीकडे काणाडोळा करतात, हेही सांगितलं. पण माल न्हावा शेवा बंदरातून निघून गेल्यावर आपल्या वाट्याला कुठली बँक येते ते कुणी पाहिलंय?

पलीकडे बसलेले वयस्क भागीदार मोठ्याने हसले आणि त्यांनी चहा मागवला. मला वाटलं, झालं काम. चहा संपला तेव्हा ते अगदी मायेनं म्हणाले, “मॅडम, तुम्ही या पोस्टला लै जास्त होताय की ओ.”

भाजीत मीठ जास्त होतं, एखाद्या लॉटला रंग जास्त होतो. पण पेपर बिनचूक सोडवला म्हणून माणूस कामाला जास्त होतो, हे मला त्या दिवशी कळलं. पेपर चुकवला असता तर घेतलं असतं का, हे विचारायचं राहून गेलं.

हे पत्र त्या एका चहाबद्दल असतं तर लिहिलं नसतं. दीड वर्षात मी नऊ ठिकाणी अर्ज केले. पाच ठिकाणी बोलावलं, आणि पाचही ठिकाणी गोष्ट याच वळणावर येऊन थांबली.

आधी माझी बाजू सांगते. मुलं झाली म्हणून बिचारीला खालची नोकरी धरावी लागतेय, असा चेहरा तुम्ही करता, तो कृपा करून करू नका. मी हिशेब मांडून हे ठरवलंय.

माझी मुलगी २०१३ची. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती, ती संपली की मी कामावर. अम्मा, म्हणजे माझी आई, तेव्हा धडधाकट होती, तिने सांभाळलं. मुलगा २०१८चा. तोवर कायदा बदलून रजा २६ आठवडे झाली होती, ती मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण २७व्या आठवड्यात काय? अम्माचे गुडघे गेले होते. सासूबाई संध्याकाळी सहापर्यंत बघू शकतात, पुढे त्यांना दम लागतो. नवरा रेल्वेत गार्ड, आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ड्यूटी तीच. आज दौंड, उद्या वाडी, रात्री दोनला कॉल आला की बॅग उचलून निघायचं. अशा घरात एकाची तरी वेळ ठरलेली पाहिजे. त्यात आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात कुणीतरी जागं असावं लागतं. हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही.

आणि मॅनेजरची नोकरी काय असते ते मला तोंडपाठ आहे. अमेरिकेतल्या बायरचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. दर जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टाइल हे कापडाचं प्रदर्शन भरतं. इकडे गावात गड्ड्याची जत्रा, घरोघरी पाहुणे, आणि आम्ही गोडाऊनमध्ये जीएसएमची, म्हणजे कापडाच्या वजनाची, चिठ्ठी लावलेले टॉवेलचे सॅम्पल खोक्यात भरत बसलेलो. माझ्या मुलीने पहिली चार वर्षं नंदीध्वजांची मिरवणूक मामाच्या खांद्यावरून पाहिली. मला त्या कामाचा कंटाळा नव्हता. उलट मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण ते काम साडेपाचला संपत नाही, आणि मला साडेपाचला संपणारं काम हवंय. पगार निम्म्याहून कमी होणार हे मला माहीत आहे. शेवटचा पगार ४१ हजार होता, तुमची जाहिरात १६ ते १८ हजारांची आहे. १६ हजारांत काय भागेल आणि काय नाही, हे आम्ही नवरा-बायकोने वहीत लिहून काढलंय. तो हिशेब तुम्ही परत करू नका.

आता एक कबुली. ती न देता पुढे लिहिणं मला जमायचं नाही.

२०१४ साली मी टेबलाच्या तुमच्या बाजूला होते. आम्हाला पॅकिंग विभागात सुपरवायझर हवी होती. साखर पेठेतून एक बाई आल्या होत्या. एका गारमेंट युनिटमध्ये पूर्ण फ्लोअर सांभाळलेल्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद आणले होते, सगळे क्रमाने लावलेले. त्यांची अट एकच होती, सहाच्या आत सोडा. मी त्यांना म्हटलं, “ताई, तुम्हाला हे काम लहान वाटेल, चार महिन्यांत कंटाळाल.” त्या म्हणाल्या, “मला काय वाटेल ते मला ठरवू द्या की.” मी त्यांना घेतलं नाही. चोवीस वर्षांच्या एका मुलाला घेतलं. सात महिन्यांनी तो पुण्याला गेला. त्या बाईंचं नाव मला आठवत नाही. पिशवीवरच्या दुकानाचं आठवतं.

तेव्हा तुमच्या मनात काय येतं ते मला बाहेरून अंदाजाने सांगायचं नाही. तीच भीती मी पोटात घेऊन बसले होते. ही चांगली नोकरी मिळाली की पळेल. हिला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल तर रोज वाद घालेल. मूल आजारी पडलं की दांडी मारेल. यातली एकेक भीती घेते.

पळून जाण्याची. तुमच्याकडे सध्या जे असिस्टंट आहेत ते पंचविशीच्या आत-बाहेरचे. एलसी वाचायला आणि कस्टम्सचं शिपिंग बिल भरायला त्यांना तुम्ही वर्षभर शिकवता, आणि वर्ष संपता संपता पोरगं पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघतं, ते दिवाळीला परत येतं, मिठाईचा पुडा घेऊन. त्याचं चुकलं असं नाही, त्या वयात जावंच. पण मी कुठे जाणार? नवरा सोलापूर विभागात, मुलं विजापूर रोडच्या शाळेत, जुळे सोलापुरात कर्जावर घेतलेला फ्लॅट, हप्ते २०३३ पर्यंत. मी एका ठिकाणी १३ वर्षं काढली, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे. या गावात टिकणारी माणसं शोधत असाल तर ती कुठल्या वयाची आणि कुठल्या घरातली असतात, हे तुमच्या हजेरीपटालाच विचारा.

वाद घालण्याची. एका ठिकाणी मला थेट विचारलं, “आमचा मॅनेजर तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहे, त्याचं ऐकून घ्याल का?” माझा नवरा पंचेचाळीस वर्षांचा आहे. सव्वीस वर्षांच्या स्टेशनमास्तरच्या परवानगीशिवाय त्याची गाडी हलत नाही, आणि यात त्याला कधी अपमान वाटलेला मी पाहिला नाही. ज्याचं काम त्याने सांगावं. स्पेलिंगचा एक ‘आर’ गळला तर मी एकदा सांगेन. नाही ऐकलं तर सही तुमच्या मॅनेजरची आहे.

दांडीची भीती खरी आहे. मूल तापाने फणफणलं तर मी घरी राहीन, हे लेखी देते. पण गावी जत्रा आहे म्हणून, मित्राचं लग्न आहे म्हणून, आयपीएलची फायनल आहे म्हणून ज्या सुट्ट्या जातात, त्या मी मॅनेजर असताना सहीने मंजूर केल्यात. त्यांची बेरीजही तेव्हा मीच करायची.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी ही, की ‘जास्त’ ठरवून तुम्ही आम्हाला दारातून परत पाठवता, आणि आत घेतलंत तर मात्र त्याच ‘जास्त’चा फायदा फुकटात उचलू पाहता. हे दोन्ही एकाच महिन्यात माझ्या बाबतीत झालं. टॉवेलवाल्यांनी जास्त म्हणून नाकारलं. नंतर गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमधून फोन आला. पद असिस्टंटचं, पगार १६ हजार. बोलणं सरत आलं तेव्हा मालक म्हणाले, “बायरचे मेल तुम्हीच बघा, जीएसटीचा रिफंड अडकलाय तो तुम्ही सोडवालच, आणि सीझनला जरा थांबावं लागेल.” मी विचारलं, मग हुद्दा काय लिहिणार? म्हणाले, “हुद्द्याचं काय घेऊन बसलात, आपलंच घर समजा.” घर तर माझं आहेच, तिथे मी पगार घेत नाही. कारखान्याला घर समजायला सांगितलं की मी सावध होते. जेवढी खुर्ची तेवढं काम, एवढंच मला हवं होतं. मॅनेजरचं काम असिस्टंटच्या पगारात करायचं असतं तर मी २०१९ला सोडलंच कशाला असतं?

दुसरी तक्रार त्या प्रश्नाची. “मुलांना कोण सांभाळतं?” पाचही मुलाखतींत विचारला. दोन ठिकाणी तो पहिलाच प्रश्न होता, नावाच्याही आधी. माझा नवरा मालगाडीवरून पॅसेंजरवर गेला तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तू रात्री वाडीला असशील तेव्हा तुझ्या मुलांना कोण सांभाळेल. तेव्हाही मुलं तीच होती आणि सांभाळणारी मीच होते. भरतीत बाई-पुरुष असा भेद करू नये हे १९७६च्या समान वेतन कायद्यात लिहिलेलं होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. मी कोर्टात जाणाऱ्यांतली नाही. पण प्रश्न विचारताना निदान अवघडून तरी विचारा. तुम्ही तो ‘चहा घेणार ना’ इतक्या सहज विचारता.

तिसरी, वयाची. ‘वय ३० पर्यंत’, ‘वय ३५ पर्यंत’ असं जाहिरातीत छापता. साधा हिशेब करून बघा. बाविसाव्या वर्षी शिक्षण संपलं, सव्विसाव्या वर्षी लग्न, अठ्ठाविसाला एक मूल, बत्तिसाला दुसरं. दुसरं शाळेत जायला लागलं की आई अडतीस-एकोणचाळीसची. ज्या बाईचा दिवस नुकता मोकळा झालाय, नेमकी तिच्याच तोंडावर तुमची जाहिरात दार लावते. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या गटालाही ३८ पर्यंत सवलत आहे, तुम्ही खासगी असून सरकारपेक्षा कडक.

अर्जातल्या त्या रकान्याबद्दल एक ओळ. ‘कारकिर्दीतील खंड व त्याचे कारण’, आणि जागा बोटभर. माझा खंड सात वर्षांचा आहे. त्या बोटभर जागेत मी ‘मुलगा’ असं लिहिलं होतं. खरं तर त्या सात वर्षांत एका ओळखीच्या सीएंसाठी घरून जीएसटी रिटर्न भरत होते. एमईआयएस ही निर्यात-सवलतीची योजना बंद झाली, मार्च २०१९ मध्ये आपल्या टॉवेल-चादरीला आरओएससीटीएल ही करपरताव्याची योजना लागू झाली, ते सगळं रात्री मुलगा झोपल्यावर वाचून काढलं. टेरी टॉवेलचा ६३०२६० हा कस्टम्सचा कोड मला अजून झोपेतून उठवून विचारा. पण हे लिहायला बोटभर जागा पुरत नाही, आणि तोंडी सांगावं तर मुलाखत तोवर ‘कोण सांभाळतं’वर गेलेली असते.

आणि पाळणाघर. इथे मला जरा थांबायचंय.

माझी अम्मा अशोक चौकाजवळ दोन खोल्यांत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कात्रीने मापात कापलेली पानं आणि तंबाखू, शेजारी झोळीत माझा धाकटा भाऊ. पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधलेली असायची. भाऊ कुरकुरला की अंगठा हलायचा, हात विडीवरून हटायचे नाहीत. हजार विड्यांमागे मजुरी. कारखान्यात भरायला नेल्या की तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. आमच्या गल्लीत घरटी एक तरी सूप होतं. या शहरात लहान मुलं असलेल्या आया कामाला चालत नाहीत असं कधीच नव्हतं. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने जी दहा हजार घरांची वसाहत आहे ती विडी कामगार बायकांसाठीच उभी राहिली. आजही तुमच्या टॉवेलच्या कडा शिवून देणाऱ्या कितीतरी बायका घरी बसून, पोराला पायाशी घेऊन, नगावर काम करतात. त्यांना खंड विचारत नाही, वय विचारत नाही, मुलांना कोण सांभाळतं हेही नाही. आई घरात बसून नगावर काम करते तोवर चालते. तिने ऑफिसात टेबल-खुर्ची आणि महिन्याचा पगार मागितला की मग तिची मुलं आठवतात. अम्माने मला शिकवलं ते सूप सुटावं म्हणून. सूप सुटलं. झोळीची दोरी अंगठ्यालाच राहिली.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला तुमच्या सल्लागाराने सांगितलं असेलच. मातृत्व लाभ कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीने रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आहे, तिची विश्रांतीची वेळ त्यात धरलेली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. या सोयी बाईला कामावर घेतानाच लेखी कळवायच्या, असंही दुरुस्तीत होतं. १३ वर्षं नोकरी आणि नंतर पाच मुलाखती, एवढ्यात मी एकदाही असा कागद पाहिला नाही. मी स्वतः मॅनेजर असताना दिलाही नाही. २०१८ला मला तो माहीतच नव्हता.

एका कारखान्यात मी पाळणाघराबद्दल विचारलं तर उत्साहाने दाखवायला नेलं. दारावर पाटी होती, रंगीत, मिकी माउसही होता. आत दोऱ्याचे कोन रचून ठेवले होते, छतापर्यंत.

तुमच्यातले पुष्कळ जण म्हणतील, आमच्याकडे ५० माणसं नाहीतच. बरोबर आहे, आपल्याकडे लहान युनिटच जास्त. काहींची माणसं ठेकेदाराच्या पटावर असल्यामुळे ती ५० होत नाहीत, ते सोडा. पण पाळणाघर सामाईक चालतं असं कायद्यातच म्हटलंय. अक्कलकोट रोडवर एका रांगेत दहा-पंधरा कारखाने आहेत. तुम्ही मिळून कंटेनर भरता, मिळून परदेशी प्रदर्शनात स्टॉल घेता, यार्नचे भाव वाढले की मिळून निवेदन देता. मिळून एक खोली, दोन प्रशिक्षित बायका आणि एक स्वच्छ संडास एवढं जमू नये?

माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे. मला पाळणाघर नको. पण २०१९ला ते असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती, मी अजून फ्रँकफर्टची खोकी भरत असते.

मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. नवीन काही नाही, खर्च फक्त एकीला आहे.

जाहिरातीत कामाची वेळ आणि पगार लिहा, वयाची अट काढा. वेळ साडेपाच लिहिली तर ती साडेपाच असू द्या, ‘सीझनला जरा’ हे शब्द आधी लिहा.

मुलांबद्दलचा प्रश्न विचारायचा असेल तर पुरुष उमेदवारांनाही विचारा, त्याच आवाजात. नसेल जमत तर दोघांनाही विचारू नका.

‘तुम्ही जास्त आहात’ हे नाकारण्याचं कारण म्हणून देऊ नका. शंका असेल तर तीन महिने ठेवून पाहा, जसं नव्या मुलाला ठेवता. तीन महिन्यांत मी कंटाळले की नाही ते तुम्हाला दिसेल, आता चहा पिताना दिसणार नाही.

नेमणूकपत्रात कामाची यादी द्या. उद्या मॅनेजरचं काम करून घ्यायचं असेल तर अवश्य विचारा, पण हुद्दा आणि पगार बदललेला कागद हातात घेऊन विचारा. आणि दोन-चार वर्षांनी मुलं मोठी झाल्यावर मीच वरची जागा मागितली, तर ‘तुम्ही तर असिस्टंट’ असं म्हणून माझी आधीची १३ वर्षं पुसून टाकू नका. एकदा खाली बसलेली बाई कायमची खाली, हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, पण पाळतात सगळे.

रुजू होणाऱ्या प्रत्येक बाईला रजेच्या आणि पाळणाघराच्या हक्काचा कागद पहिल्या दिवशी द्या. एमआयडीसीत सामाईक पाळणाघर सुरू करा. त्याची नियमावली, वेळापत्रक, खर्चाचा अंदाज हे सगळं मी फुकट करून देईन. या एका बाबतीत आपलंच घर समजेन.

ज्यांच्याकडे माझा अर्ज पडून आहे त्यांनी तो पुन्हा एकदा काढून बघावा. डॉक्युमेंटेशन असिस्टंट, दहा ते साडेपाच. मी कधीही यायला तयार आहे, फक्त आदल्या दिवशी फोन करा. पाण्याचा दिवस असेल तर अकरानंतर येईन.

कळावे,
आपली,
एक अर्जदार
जुळे सोलापूर